हिरकणीला कुलूप

एसटीत मूल पाजायला घेतलेल्या बाईबद्दल कुणाला काही खटकलं, तर तो माणूस त्या बाईशी बोलत नाही. तो कंडक्टरला हाक मारतो. ‘अहो, जरा सांगा ना त्यांना.’ काय सांगायचं, हे वाक्यात नसतं. ते हनुवटी उडवून दाखवायचं असतं. याच माणसाला खिडकीतून पिचकारी मारणारा शेजारी चालतो. तिघांच्या बाकावर दोघांची जागा अडवून बसलेला चालतो. अख्ख्या गाडीला ऐकवत मोबाइलवर रील बघणारा पोरगाही चालतो. यांच्यापैकी एकासाठीही त्यानं कंडक्टरला बोलावलेलं माझ्या पाहण्यात नाही. त्याची सार्वजनिक शिस्त नेमकी जागी होते ती चार महिन्यांचं पोर रडायचं थांबल्यावर. पोर रडत होतं तेव्हा हाच म्हणत होता, ‘काय बाई आहे, पोराला गप्प करता येत नाही.’ तिनं केलं गप्प. आता त्याला संस्कृती आठवली.

माझी सगळी नोकरी घरापासून लांबच्या शाळांवर झाली. दोन्ही बाळंतपणांनंतर मूल कडेवर घेऊन एसटीनं जाणं-येणं केलं. तेव्हा या विषयावर मी तटस्थपणे वगैरे लिहीन, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मातृत्व, वात्सल्य, अमृत हे शब्द भाषणात ऐकले की हल्ली मी सावध होते. ज्या बाईला बाकावर जागा द्यायची नसते, तिला आपल्याकडे देव्हाऱ्यात बसवतात.

आधी साधा हिशेब मांडू. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह साजरा होतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पोस्टर लागतं, आशाताई घरोघर सांगत फिरतात: जन्मल्यावर पहिल्या तासात छातीशी घ्या, सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाण्याचा थेंबही नको, पुढं दोन वर्षांपर्यंत जेवणासोबत चालू ठेवा. तान्ह्या बाळाला दिवसातून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी एकदा, रात्र धरून. हे झालं सरकारचं सांगणं. आता समाजाचं बघा. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळासह सासरी परतते, ही आपली रीत. माहेर बार्शीला आणि सासर चिपळूणला असलं, तर अख्खा दिवस प्रवासात जातो. शिवाय दीड महिन्याची लस, अडीच महिन्यांची लस, आधार कार्डाची रांग, रेशनच्या अंगठ्याची रांग, ‘लाडकी बहीण’च्या केवायसीची रांग. एका हातानं सांगायचं की दर दोन तासांनी पाज, दुसऱ्या हातानं तिला पाच-सहा तासांच्या प्रवासाला धाडायचं, आणि या दोन गोष्टी एका बाकावर भेटल्या की तोंडाला रुमाल लावायचा. ती करणार तरी काय? पोराची भूक टपालानं पुढं पाठवणार?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के मुलं केवळ आईच्या दुधावर असल्याचं दिसलं. उरलेल्या मुलांच्या आया अडाणी आहेत, असं धरून पोस्टरं छापली जातात. त्यांच्यातल्या काही जणींना सगळं ठाऊक असतं आणि तरी चारचौघांच्या नजरेला भिऊन त्यांनी पिशवीत बाटली टाकलेली असते, हे पोस्टर लिहिणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. दुधाच्या पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२ पासून कायद्यानं बंदी आहे. २००३ मध्ये तो कायदा आणखी आवळला. कंपन्यांना जे करता येत नाही ते काम शेजारच्या सीटवरच्या मावशी फुकटात करतात: ‘अगं, एखादी बाटली जवळ असावी. प्रवासात बरी पडते.’ ती बाटली उकळायची कुठं, पाणी कुठल्या टाकीतलं घ्यायचं आणि मे महिन्यात ते दूध किती वेळ टिकणार, हे मावशींना विचारू नये. मावशींना पोराच्या पोटाशी कर्तव्य नसतं. त्यांना समोरचं दृश्य लवकर संपायला हवं असतं.

आणि मग येते आपली लाडकी तोड. हिरकणी कक्ष, म्हणजे आईनं आडोशाला बसून पोराला पाजायची खोली.

हिरकणीची आख्यायिका मराठी मुलाला पहिली-दुसरीतच कळते. रायगडाखालच्या गावची गवळण कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला गडावर गेली. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांनी नियम दाखवला. घरी तान्हं पोर. ती कडा उतरून गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली त्या कड्यावर बुरूज बांधला. या गोष्टीचा शेवटचा भाग आपण फार पटकन म्हणून मोकळे होतो. बुरूज का बांधला? कारण जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो. किल्ल्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, राजानं तसंच करायला हवं. पण हिरकणीच्या बाजूनं बघितलं तर तिचं कौतुक झालं आणि तिची वाट बुजली. आज आपण दर बसस्थानकात तेच करतो आहोत, आणि आपल्याला राखायला कुठला किल्लाही नाही. तिच्या नावानं निमआराम गाड्या काढल्या. २०१९ मध्ये तिच्यावर सिनेमा आला, आपण थिएटरात डोळे पुसले. बंद दरवाजा न जुमानणाऱ्या बाईचं नाव शेवटी आपण कशाला दिलं, तर एका दरवाजाला. आणि त्यालाही कुलूप घातलं.

एका तालुक्याच्या स्टँडवरची ही गोष्ट. गाव सांगत नाही, कारण तुम्ही कुठलंही धरलंत तरी फारसं चुकणार नाही. फलाटाच्या टोकाला, मुतारीच्या अलीकडं पाटी होती. गुलाबी रंगाची, मूल घेतलेल्या बाईचं चित्र, खाली उद्घाटन करणाऱ्यांची नावं. चित्रापेक्षा नावं मोठी. दाराला कुलूप. चौकशी खिडकीवर विचारलं तर किल्ली ज्याच्याकडं असते ते जेवायला गेलेले. काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं; जिथं कागद फाटला होता तिथून डोकावलं तर झाडू, दोन मोडक्या खुर्च्या आणि गेल्या कुठल्याशा निवडणुकीतल्या फळ्या दिसल्या. माझ्यासोबतच्या भाचीनं तोवर फलाटावरच्या कट्ट्यावर बसून पोराला घेतलंसुद्धा होतं. तिथं उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी पाटीकडं बोट दाखवून तिला सांगितलं, ‘ताई, त्यासाठी तिकडं सोय केली आहे.’

हे वाक्य नीट ऐका. तिला कुलूप दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. सोय आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पाटी आहे ना, मग तू इथं कशी? कक्ष नव्हता तेव्हा ती बिचारी होती, नाइलाजानं बसलेली. कक्षाची पाटी लागली आणि ती नियम मोडणारी झाली. ही या सोयीची खरी करामत. बाईला बसायला खोली मिळाली की नाही कोण जाणे, बघणाऱ्याला तिला उठवायला सबब मात्र मिळाली.

आणि हे गावखेड्याच्या स्टँडचंच रडगाणं आहे असं कुणी समजू नये. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या. फोटो निघाले, मंत्र्यांनी बाळाचं कौतुक केलं, महाराष्ट्र गहिवरला. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईच्या अधिवेशनाला त्या पुन्हा बाळासह आल्या, तर विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ. बाळाला ठेवायचं कुठं, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या इमारतीत राज्याचा अर्थसंकल्प मंजूर होतो तिथं निवडून आलेल्या बाईची ही कथा. मग पिशवी, छत्री आणि पोर सांभाळत फलाट नंबर पाच शोधणारीनं काय अपेक्षा करावी?

कक्ष नकोत, असं मी म्हणत नाही. ज्यांना चार भिंतींआडच बरं वाटतं, ज्यांचे टाके ओले आहेत, ज्यांना दूध काढून ठेवायचं आहे, त्यांच्यासाठी स्वच्छ, उघडा, पंखा चालू असलेला कक्ष प्रत्येक स्टँडवर असलाच पाहिजे, आणि त्याची किल्ली कुणाच्या खिशात नसावी. पण पोराला भूक स्टँडवर लागत नाही. ती घाटात लागते. गाडी पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी असते तेव्हा लागते. कक्ष उभा असतो आणि गाडी चालते, एवढी साधी गोष्ट ज्यांना कळत नाही ते या विषयावर धोरणं आखतात.

मेमध्ये पंढरपूरहून साताऱ्याला येत होते. म्हसवड मागं पडलं, खिडकीतून गरम वाफ आत येत होती, पत्रा हात लावू देत नव्हता. माझ्या पलीकडच्या बाकावर एक बावीस-तेवीसची मुलगी, पायाशी माहेरच्या लाडवांचा डबा, मांडीवर तीनेक महिन्यांचं पोर. पोर आधी कुरकुरलं, मग रडलं, मग हिरवंनिळं झालं. तिनं ओढणी पुढं घेतली, एक टोक खांद्यावरून टाकलं, दुसरं दातांत धरलं. एक हात पोराच्या डोक्याखाली, दुसऱ्या हातानं पुढच्या सीटची दांडी घट्ट पकडलेली, कारण ड्रायव्हर खड्डे चुकवत होता. ओढणीखाली पोराला घाम फुटला. त्यानं पाय झाडून कापड बाजूला सारलं. तिनं पुन्हा ओढलं, त्यानं पुन्हा सारलं. त्याला ठसका लागला. तिच्या दातांतलं टोक सुटलं.

पुढच्या बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते पूर्ण मागं वळून बसले आणि कंडक्टरला म्हणाले, ‘बाई, यांना मागं पाठवा. बघवत नाही हे.’ बघवत नाही म्हणणाऱ्या माणसानं त्या दृश्यासाठी मान पार उलटी केली होती. कंडक्टर बाईच होती, खाकी साडीतली. तिनं मशिनमधून कुणाचंतरी तिकीट फाडून दिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘काका, तिचं तिकीट साताऱ्यापर्यंत आहे. पोरगं काय म्हसवडातच जेवून आलं नव्हतं. तुम्हाला त्रास होतोय ना? मग मागची सीट मोकळी आहे, तुम्ही या.’ काका गेले नाहीत. मागच्या सीटवर हादरे बसतात, कंबर जाते, हे त्यांना माहीत होतं. तीन महिन्यांच्या पोराला आणि टाक्यांच्या बाईला ते तिथंच धाडायला निघाले होते. त्यांची मान मात्र नंतर साताऱ्यापर्यंत सरळ राहिली. म्हणजे राहू शकते.

गाडीतल्या बाकीच्यांनी काय केलं, तेही सांगायला हवं. धोतर-टोपीतले दोन म्हातारे होते, त्यांनी पहिल्यापासून बाहेर पाहिलं. त्यांना कुणी परिपत्रक पाठवलं नव्हतं. माझा अनुभव असा की खेड्यातल्या जुन्या माणसाला यात बघण्यासारखं काही वाटत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत गाय पान्हावते, शेळी पाजते, सून पाजते. अडचण होते ती थोडं शिकलेल्या, थोडं शहर लागलेल्या माणसाची. त्याला आपण सभ्य झालो आहोत याचा पुरावा हवा असतो आणि तो दुसऱ्याच्या बायकोच्या पदरात शोधावा लागतो.

पान्हावण्यावरून आठवलं. नवख्या माणसानं गोठ्यात गोंधळ घातला तर गाय पान्हा चोरते, हे गुराख्याच्या पोराला कळतं. बाईचंही तेच होतं. दूध उतरायला जो ऑक्सिटोसिन स्रवावा लागतो तो भीतीनं, ताणानं अडतो. पोर ओढत राहतं, दूध येत नाही, पोर चिडतं, आई घाबरते, लोक आणखी बघतात. आणि पाजायचं टाळलं तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. ‘थांब जरा, उतरल्यावर पाज’ असं म्हणणाऱ्यांना हा ताप दिसत नाही, कारण तो घरी गेल्यावर रात्री चढतो.

काही जण उदार असतात. ते म्हणतात, पाजा हो, पण आडोशाला. आडोसा म्हणजे काय, तर स्वच्छतागृह. २०१८ मध्ये कोलकात्याच्या एका बड्या मॉलमध्ये एका आईला हाच रस्ता दाखवला गेला होता, त्यावर देशभर ओरड झाली. ओरड झाली म्हणजे विषय संपला, असा आपला समज. स्टँडच्या मुतारीत जाऊन, नाकाला पदर लावून, ओल्या फरशीवर उभं राहून आपली भाकरी खाऊन दाखवा आणि मग दुसऱ्याच्या पोराला तिकडं पाठवा.

संस्कृतीचा मुद्दा मी लांबवणार नाही, कारण तो टिकतच नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती मांडीवर पोर घेऊन बसली आहे, वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात मातृका मुलांसह बसल्या आहेत. ज्ञानोबांना आपण माउली म्हणतो, विठ्ठलालाही माउली म्हणतो, आणि कीर्तनात पान्ह्याचा दृष्टांत आला की पुरुष माणसंसुद्धा डोळे पुसतात. आपल्या आज्या गाठीची चोळी घालत; पुढची गाठ सैल केली, पदर ओढला, काम झालं. कपडाच तसा बेतलेला होता, कारण बाई दिवसाला आठ-दहा वेळा पाजणार हे शिवणाऱ्याला गृहीत होतं. आता पाठीला चेन असलेले कुर्ते शिवतात. ते बेतणाऱ्याला बाईचं मूल दिसत नाही, फक्त बाई दिसते. सिनेमात नि जाहिरातीत काय चालतं, हा मुद्दा सगळेच मांडतात, म्हणून मी सोडून देते.

पण एक गोष्ट सोडणार नाही, ती आपल्याच घरातली. या पहाऱ्यावर पुरुषांपेक्षा बायका जास्त तत्पर असतात. ‘आत जा गं, पाव्हणे आलेत’ हे कुणी सासरा म्हणत नाही, सासू म्हणते. ‘नजर लागेल’ हे आत्या म्हणते. बसमध्ये स्वतःचा रुमाल काढून त्या मुलीच्या अंगावर टाकणारी, आणि त्यात स्वतःला फार मायाळू समजणारी, ती बाईच. लालबाग-परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आत नावाची जागाच नव्हती. तिथल्या आयांनी भिंतीकडं तोंड करून पोरं वाढवली. कुणाला काही दिसलं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं आणि ते जमलं. चाळीला जे जमलं ते एसटीच्या शिवशाही गाडीतल्या पडद्यांना का जमू नये? आमच्या पिढीनं सोसलं म्हणून हिनंही सोसावं, यापलीकडं पहाऱ्यावरच्या या बायकांच्या विरोधामागं मला दुसरं कारण दिसत नाही. ‘आम्ही नाही का केलं?’ केलंत. म्हणूनच तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

कायदा काय म्हणतो, हे एकदा ऐकून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हनुवटी उडवण्याआधी आठवेल. सार्वजनिक ठिकाणी मूल पाजायला मनाई करणारं एकही कलम या देशात नाही. उलट हावभावांनी किंवा शब्दांनी बाईच्या लज्जेचा अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे पाजणारीसाठी कलम नाही, छळणाऱ्यासाठी आहे. केरळातल्या एका मासिकानं २०१८ मध्ये मुखपृष्ठावर मूल पाजणारी स्त्री छापली तेव्हा ते अश्लील म्हणून लोक कोर्टात गेले होते. केरळ उच्च न्यायालयानं त्यांना परत पाठवलं. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं स्तनपान हा आईचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात धरला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी जागा करण्याविषयी सरकारांना सांगितलं, त्यासोबत नागरिकांना त्यांचं मूलभूत कर्तव्यही आठवून दिलं: अनुच्छेद ५१ क (ङ), स्त्रियांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याचं. सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक लावू नका, असं न्यायालयाला लिहावं लागलं. जागेची बातमी सगळीकडं आली. कलंकाचं वाक्य बातम्यांच्या तळाशी गेलं. ते साहजिक आहे. जागा सरकारनं करायची असते, कलंक आपण लावलेला असतो.

सरकारी नजरही आपल्याच नजरेतून घडते. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक बाई गाडीत बसून सात महिन्यांच्या बाळाला पाजत होती. ती आत असतानाच वाहतूक पोलिसांनी गाडी उचलून ओढायला सुरुवात केली. व्हिडिओ पसरला, पोलीस निलंबित झाला. त्यानं नियमात नसलेली गाडी पाहिली. आत काय चाललंय ते त्याला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मोजायची गरज वाटली नाही. बसमधल्या काकांचं उलटं. त्यांना बाकी काही दिसत नाही, तेवढंच दिसतं.

याच मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध काढून, निर्जंतुक करून, दुसऱ्या आईच्या कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला पाजायचं. शेजारी धारावी. तिथं जात विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. तिथं दूध मिलिलिटरमध्ये मोजतात, कारण एकेका मिलिलिटरवर एखादं पोर तगतं. तिथल्या वॉर्डातून घरी सोडलेली बाई बाळाला घेऊन बेस्टच्या बसमध्ये चढते, आणि तेच दूध दोन थांब्यांच्या अंतरात असभ्य ठरतं.

कामावर जाणारीचं तर विचारूच नका. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानं मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी दिली होती. २०१७ मध्ये पन्नास किंवा त्याहून जास्त कामगारांच्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा आली. छान. बीडहून कोयता घेऊन निघालेल्या बाईला हे कुणी वाचून दाखवलं? तिचं पोर उसाच्या फडाच्या कडेला पाचटावर असतं आणि मुकादमाची उचल डोक्यावर. ती बांधावर बसून पाजते. तिच्याकडं बघून कुणाची संस्कृती बुडत नाही, कारण तिला आपण त्या हिशेबात धरलेलंच नाही. तिनं हेच उद्या पुण्याच्या मेट्रोत केलं, तर बघा.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. योजनेचं नाव महिला सन्मान योजना. गाड्या बायकांनी भरल्या, चांगलं झालं, मीही अर्ध्या तिकिटातच फिरले. पण बायका आल्या म्हणजे त्यांच्या मांडीवर पोरं येणार, पोरं आली म्हणजे त्यांना भूक लागणार, हे सन्मानात धरायचं राहून गेलं. तेव्हा महामंडळाला, पीएमपीला आणि बेस्टला माझी एकच मागणी आहे. नवा कक्ष नको, समिती नको, फीत कापायला पाहुणे तर मुळीच नकोत. गाडीत ‘धूम्रपान करू नये’ रंगवता, त्याच्या खाली तेवढ्याच अक्षरांत आणखी दोन ओळी रंगवा, म्हणजे कंडक्टरला वाद न घालता फक्त बोट दाखवता येईल:

‘या गाडीत आईला कोणत्याही आसनावर बाळाला पाजता येईल. हरकत असणाऱ्या प्रवाशाने स्वतः मागच्या आसनावर जावे.’